मोहरीच्या दाण्याएवढं वजन आणि टंगस्टनचं टोक

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. टेबलावर जर्मेनियमचा नखाएवढा करडा, चमकदार तुकडा. शेजारी चार सुयांचा सेट तसाच पडलेला, आणि परभणीकडच्या एका खेड्यातून येणारी विद्यार्थिनी मल्टिमीटरच्या दोन पिना त्या तुकड्याला टेकवून बघत होती. रीडिंग एकदा तीन हजार ओहम, जरा दाबलं की दोन हजार, हात हलला की पाच हजार. शेवटी वैतागून म्हणाली, "सर, ह्या तुकड्याचा रेझिस्टन्स नेमका किती हाय? हे तर दाबल तसं बदलायलंय."

तिला वाटलं मल्टिमीटर बिघडलाय. तो बरोबरच सांगत होता, फक्त तुकड्याबद्दल सांगत नव्हता. तिच्या हातातल्या पिनेचं टोक तुकड्याला जिथं टेकतं, त्या इवल्याशा जागेचा रेझिस्टन्स तो दाखवत होता.

विजेला बारीक टोकातून निघून जाड तुकड्यात पसरायचं असतं. जत्रेत मंडपाचं दार अरुंद असलं की आत मैदान कितीही मोकळं असो, गर्दी दारातच तुंबते, तसं हे. टेकलेला भाग गोल धरला आणि त्याची त्रिज्या मोजली, तर या तुंबण्याचा रेझिस्टन्स म्हणजे पदार्थाची रोधकता (विजेला अडवायचा त्याचा अंगचा गुण) भागिले चारपट त्रिज्या. आता आकडे घालून बघू. जर्मेनियमची रोधकता १० ओहम-सेंटिमीटर धरली आणि टेकलेल्या जागेची त्रिज्या १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एका टोकापाशी २,५०० ओहम. दोन टोकांचे ५,०००. आणि आपल्याला हवी असलेली खुद्द तुकड्याची गोष्ट? चार सुया २-२ मिलिमीटरवर ठेवल्या आणि तुकडा पुरेसा जाड असला, तर व्होल्टेज भागिले करंट हे उत्तर येतं फक्त ८ ओहम. आठ ओहम शोधायचे आणि दाराशी पाच हजारांची गर्दी. शिवाय जर्मेनियमसारख्या अर्धवाहकावर धातू टेकला की कधीकधी तिथं डायोड तयार होतो आणि एका दिशेनं वेगळं, दुसऱ्या दिशेनं वेगळं रीडिंग येतं. पोरगी वैतागली नसती तरच नवल.

यावरचा उपाय आपल्याकडच्या कुठल्याही ठिबकवाल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. मेन लाइनच्या सरळ पाइपात घर्षणामुळं पाण्याचा दाब किती पडतो ते बघायचंय समजा. मोटरीपाशी एक गेज आणि पार शेवटी दुसरा गेज लावला तर पाइपाबरोबर फिल्टरमध्ये बसलेलं शेवाळ, बेंड, व्हॉल्व्ह, सगळ्यांचा हिशोब त्यात मिसळतो. म्हणून शहाणा माणूस सरळ पाइपाच्या मधल्या भागात दोन जागी छिद्रं पाडून दोन गेज बसवेल. गेजची नळी काडीएवढी बारीक असली तरी चालते, कारण तिच्यातून पाणी वाहतच नाही, ती नुसता दाब सांगते. पाणी वाहत नाही तिथं घर्षणाचा प्रश्न येत नाही.

चार सुयांची फोर प्रोब पद्धत म्हणजे एवढंच. बाहेरच्या दोन सुया पाणी सोडतात, म्हणजे करंट. आतल्या दोन सुया गेज. व्होल्टमीटर जवळपास शून्य करंट ओढतो, त्यामुळं आतल्या टोकांपाशी कितीही हजार ओहम असले तरी रीडिंगवर परिणाम नाही. बाहेरच्या टोकांपाशी व्होल्टेज पडतं ते पडू दे, आपण ते मोजतच नाही. पातळ थरावर, म्हणजे काचेवर चढवलेल्या फिल्मवर, हेच मोजलं तर व्होल्टेज भागिले करंट या उत्तराला ४.५३२ नं गुणलं की फिल्मचा शीट रेझिस्टन्स, म्हणजे तिच्या चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स, मिळतो. हा आकडा म्हणजे पाय (π) भागिले दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम. पोरं तो पाठ करतात, कुठून आला ते विचारत नाहीत.

मग टोक बारीक कशाला हवं? संपर्क चांगला व्हावा म्हणून, असं बरेच जण सांगतात. खरं तर उलट आहे. वरचंच सूत्र बघा, त्रिज्या निम्मी केली की रेझिस्टन्स दुप्पट. बारीक टोकाचा संपर्क वाईटच असतो. टोक बारीक लागतं ते नेमकी जागा पकडायला. सुयांमधलं अंतर सूत्रात येतं, म्हणून सुई कुठं टेकली ते काटेकोर ठरलं पाहिजे. चिपवरच्या केसापेक्षा बारीक पट्टीवर सुई ठेवायची तर जाड टोक शेजारच्या पट्टीलाही शिवणार. आणखी एक फायदा आहे. टोकाखाली १ मायक्रॉन त्रिज्येची जागा आणि वर फक्त एक ग्रॅमचं वजन ठेवलं, तर तिथला दाब हवेच्या दाबाच्या जवळपास ३०,००० पट होतो. धातूवर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा त्या दाबाखाली फुटतो आणि खालचा खरा धातू लागतो. पण त्याच दाबानं पातळ फिल्मला भोकही पडतं. अशी भोकं पाडून मी स्वतः दोन नमुने वाया घालवलेत, म्हणून सुई टेकवताना हात आता आपोआप हलका होतो.

याहून बारीक टोकांची दुनिया वेगळीच. १९५७ साली डेव्हिड ह्युबेल यांनी टंगस्टनची तार विजेनं झिजवून टोकदार केली, टोक सोडून बाकीवर लाखेसारखा थर चढवला आणि मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत ठोके ऐकले. पुढं १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते त्या पेशींवरच्या कामाबद्दल. त्याच १९८१ साली झुरिकला गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी असंच टोक पृष्ठभागाच्या इतकं जवळ नेलं की न टेकताच मधल्या फटीतून करंट वाहू लागला. फट एका अणूच्या अर्ध्याएवढीही वाढली तरी तो करंट दहापट पडतो. त्यावरून अणूंच्या रांगा दिसल्या आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. या सगळ्यांचं हत्यार एकच, तारेचं टोक.

आता तार टंगस्टनचीच का? ती कडक असते, सहज वाकत नाही आणि ३,४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. वजनाला सोन्याइतकी जड, आणि हे जडपण पुढं कामाला येणार आहे. आपल्याकडं टंगस्टन म्हटलं की जुना पिवळा बल्ब आठवतो, आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी फुटक्या बल्बची फिलामेंट घेऊन येतोच. ती चालत नाही. एकतर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, आणि एकदा तापून पेटली की आतले स्फटिक मोठे होऊन ती इतकी ठिसूळ होते की सरळ करायला गेलं की कटकन मोडते. वाळूज एमआयडीसीतला माझा एक वेल्डर दोस्त टिग वेल्डिंगच्या कांड्या द्यायला तयार होता. त्याही टंगस्टनच्याच, आणि तो रोज ग्राइंडरवर त्यांना टोक काढतो. पण त्या २.४ मिलिमीटर जाडीच्या. लाल टोकाच्या कांडीत थोरियम असतं, ते किरणोत्सारी, घासताना उडणारी धूळ नाकात जायला नको. आम्हाला हवी होती ती ०.२५ मिलिमीटरची ओढलेली तार. ती ऑर्डर देऊन मागवली.

ही तार कानशीवर घासून नाही का चालणार? थोडं चालतं. पण घासून टोक काही मायक्रॉनपर्यंतच येतं, त्यावर रेघा उमटतात, शेंडा चिरतो. खरं बारीक टोक तार विरघळवून मिळतं.

८ ग्रॅम कॉस्टिक सोडा १०० मिलिलिटर पाण्यात. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, कारण मिसळताना तो चांगलाच तापतो आणि उसळतो. पाणी बोअरचं नको. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरमध्ये जो पांढरा थर बसतो, तोच इथं बीकरच्या तळाशी बसेल. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. डोळ्यांवर गॉगल हवाच. बोटाला द्रावण लागलं की गुळगुळीत, साबणासारखं लागतं. ते साबणासारखं नसतं, तर खरोखर साबण होत असतो, तुमच्याच कातडीच्या चरबीचा. लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. आमच्या लॅबमधल्या मामांनी एकदा बीकर सापडेना म्हणून हे द्रावण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलं. पातेलं फसफसायला लागलं, गरम झालं, आणि मामा म्हणाले, "सर, हे तर उतू जायलंय!" कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सोडतो. काच किंवा प्लास्टिकच वापरावं. पावसाळ्यात सोड्याची बरणी उघडी राहिली तर दाणे हवेतलं पाणी ओढून चिकट होतात आणि वजनाचा हिशोब बिघडतो, तेवढं सांभाळायचं.

आता तार. अंदाजे २५ मिलिमीटरचा तुकडा कापायचा, बारीक सँडपेपरनं पुसून घ्यायचा, क्लॅम्पमध्ये उभा धरायचा आणि खालचं टोक द्रावणात २ मिलिमीटर बुडवायचं. तार धनाग्र. ऋणाग्राला स्टीलच्या तारेचं कडं, बीकरच्या भिंतीलगत फिरवलेलं. ४ ते ५ व्होल्ट डीसी. चालू केलं की कड्यावर बुडबुड्यांची झालर दिसते, तो हायड्रोजन. तारेवर बुडबुडे नसतात. तिथं टंगस्टनचा प्रत्येक अणू सहा इलेक्ट्रॉन सोडून टंगस्टेट होतो आणि विरघळतो.

इथं थांबून नीट बघा, खरी गंमत इथंच आहे. टेबललॅम्प मागून लावला की तारेभोवतालून खाली जाणारी एक बारीक, पारदर्शक धार दिसते, गरम पाण्यात साखरेचा पाक सोडल्यासारखी. ते जड टंगस्टेट. ही धार तारेच्या बुडालेल्या भागावर पांघरुणासारखी बसते आणि ताजं द्रावण त्याला लागू देत नाही. तिकडं वर, पाणी तारेला चिकटून जो छोटासा चढ तयार होतो, त्याच्या अगदी वरच्या काठाला द्रावणाचा पुरवठा कमी. म्हणजे वर झीज हळू, खाली झीज हळू, आणि मध्ये, पृष्ठभागाच्या जरा खाली, जोरात. तिथं तारेला कंबर पडते. पोळीचा गोळा दोन बोटांत धरून ओढावा तशी मधेच बारीक होत जाणारी.

मग एक क्षण येतो की कंबर खालचा भाग पेलू शकत नाही. तुटते. तोच क्षण टोकाचा.

किती बारीक असेल टोक? हे कागदावर काढता येतं. ०.२५ मिलिमीटर जाडीच्या, २ मिलिमीटर लांब टंगस्टनचं वजन होतं साधारण १.९ मिलिग्रॅम. बारीक मोहरीच्या एका दाण्याएवढं. टंगस्टनची ओढलेली तार तुटायला लागणारा ताण २.५ गिगापास्कलच्या आसपास धरला, तर ही मोहरी जेमतेम लटकवू शकेल अशा कंबरेची त्रिज्या निघते ५० नॅनोमीटरच्या जवळ. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर या टोकाची जाडी त्याच्या सातशेव्या भागाएवढी. कुणी कानस मारली नाही, कुणी भिंगातून बघत कोरलं नाही. मोहरीएवढ्या वजनानं ते ठरवलं. आणि यातच वापरायची युक्ती आहे. कमी बुडवलं की लटकणारं वजन कमी, म्हणून तुटेपर्यंत कंबर जास्त बारीक होते. १ मिलिमीटर बुडवली तर हाच हिशोब ३५ नॅनोमीटर देतो. जास्त बुडवली की भार लवकर पडतो आणि टोक जाड राहतं. लॅबचे पंखे बंद ठेवायचे तेही यासाठीच. वाऱ्यानं पाण्याचा पृष्ठभाग हलला की कंबर लांबट होते, कधी तिरकी पडते. मेमध्ये पंखा बंद करून पंधरा मिनिटं बसणं म्हणजे काय ते मराठवाड्यात राहणाऱ्यालाच कळेल. जमिनीचा हादराही तितकाच वाईट. हिंगोलीत औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या वेधशाळेसाठी जागा शोधताना जमीन किती शांत आहे हे तपासलं गेलं. आमची लॅब रस्त्याला लागून, हंगामात समोरून उसाच्या ट्रॉल्या जातात. म्हणून टोकं बनवायची ती सकाळी आठच्या आत.

तुटण्याच्या क्षणानंतर मात्र गडबड सुरू होते. खालचा तुकडा पडला तरी वरच्या नव्या टोकाला द्रावण अजून लागलेलंच असतं आणि करंट चालूच असतो. तो पहिली गोष्ट कोणती खातो? अर्थात शेंडा. माणसाचा हात स्विच बंद करायला ०.२ सेकंद तरी घेतो. त्या वेळात करंट फक्त १ मिलिॲम्पिअर असला तरी विरघळणारं टंगस्टन १५ मायक्रॉन बाजूच्या ठोकळ्याएवढं भरतं. ते सगळं शेंड्यावरूनच जात नाही, तारेच्या ओल्या भागावर वाटलं जातं. पण ५० नॅनोमीटरच्या टोकाला त्यातला हजारावा हिस्साही पुरतो. पहिली पाच-सहा टोकं मी डोळे फाडून मल्टिमीटरकडं बघत, बोट स्विचवर ठेवून बनवली. मायक्रोस्कोपखाली सगळी टोकं गोल, गाजरासारखी.

इलाज सर्किटचा आहे. तुकडा पडला की बुडालेलं क्षेत्रफळ एकदम कमी होतं, म्हणून करंटही एकदम पडतो. ती घसरण कम्पॅरेटर (ठरवलेल्या आकड्याशी तुलना करणारी चिप) ओळखतो आणि मॉस्फेटला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचला, सांगून पुरवठा तोडतो, काही मायक्रोसेकंदांत. ब्रेडबोर्डवर एका दुपारी होणारं काम आहे, भाग बाजारात कुठंही मिळतात. आम्हाला अडचण आली ती वेगळीच. मेन्सचा सप्लाय वापरत होतो, आणि कंबर अगदी बारीक झाली की कुठं मोटर चालू व्हायची, व्होल्टेज झुकायचं, करंट पडायचा. कम्पॅरेटरला वाटायचं तार तुटली. सप्लाय बंद. तार तशीच लटकलेली, ना इकडची ना तिकडची. पुन्हा चालू केलं की कंबर वेडीवाकडी. शेवटी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणली आणि पुढं रेग्युलेटर लावला. त्या दिवसापासून लाइट गेली तरी टोक होतं.

सर्किट नकोच असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर मला तोच आवडतो. स्टीलच्या तारेचं ५-६ मिलिमीटरचं कडं करायचं आणि द्रावणात बुडवून वर काढायचं. साबणाच्या फुग्याच्या कड्यात येतो तसा पडदा त्यात अडकतो. तार त्या पडद्यातून आरपार, कडं ऋण, तारेचा वरचा भाग धन. पडद्यापाशीच कंबर पडते आणि खालचा तुकडा तुटून खाली ठेवलेल्या स्पंजावर पडतो. या पडलेल्या तुकड्याचं टोक घ्यायचं. तुटल्या क्षणी त्याचा विजेशी संबंध संपलेला असतो, म्हणजे कट-ऑफ आपोआप, एकही पार्ट न लावता. अडचण एकच. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत पडदा फार टिकत नाही, कडं पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं आणि प्रत्येक वेळी तारेला धक्का न लावता ते सरकवायला हात स्थिर हवा.

टोक निघालं की आधी कोमट डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. सोडा राहिला तर सुकून त्याचे पांढरे खडे शेंड्यावर बसतात. त्यातूनही टंगस्टनवर ऑक्साइडचा पातळ थर राहतोच. दाबून टेकवायच्या सुईला त्याचं फारसं देणंघेणं नाही, तो फुटतो. न टेकणाऱ्या, अणू बघणाऱ्या टोकाला मात्र तो चालत नाही. तिथं निर्वातात टोक तापवतात. ८०० अंशांच्या वर हा ऑक्साइड खालच्या धातूशी मिळून असा दुसरा ऑक्साइड होतो की जो वाफेसारखा उडून जातो. हवेतच काम करायचं असेल तर काही जण टंगस्टनच्या भानगडीत न पडता प्लॅटिनम-इरिडियमची तार घेतात आणि कटरनं तिरकी ओढत कापतात. शेंड्यावर कुठंतरी एखादा अणू पुढं आलेला असतो, तोच टोक. ऐकायला अडाणी वाटतं, पण चालतं, आणि त्यावर ऑक्साइडही चढत नाही. फक्त किंमत विचारू नका.

साध्या मायक्रोस्कोपखाली ५० नॅनोमीटरचं टोक दिसत नाही, प्रकाशाची तरंगलांबीच त्याहून मोठी. दिसतो तो उतार. उतार एकसारखा असेल आणि शेंडा दिसेनासा होत संपत असेल, तर टोक बरं. शेंड्यावर चमकणारा ठिपका दिसला की समजायचं बोथट आहे, प्रकाश परत फेकायला तिथं सपाट जागा आहे.

त्या विद्यार्थिनीनं गेल्या महिन्यात पहिलं टोक काढलं. सर्किट तिनंच जोडलेलं, आणि टोक खरोखर चांगलं होतं, शेंडा दिसत नव्हता. चिमट्यानं उचलून डबीत ठेवताना ते बीकरच्या काठाला शिवलं. आवाज नाही, काही नाही. पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतलं तर शेंडा वळून आलेला. मामांनी वाकून डोळा लावला आणि म्हणाले, "हा तर मासे धरायचा गळ झाला." तिनं ते टोक थर्माकोलमध्ये खोचलं, शेजारी तारीख लिहिली आणि रिळावरून पुन्हा २५ मिलिमीटर तार मोजायला घेतली.